चिंचेनं झिजलेला शाळिग्राम

लढाईच्या वर्षांत मी पलूसकडच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होतो. दगड ओळखतो अशी ख्याती झाली आणि सुख संपलं. कुणाच्या विहिरीत गारगोटी निघाली की ती हिरा म्हणून माझ्या ओसरीवर यायची. मुरमातली काळी नक्षी दाखवून लोक म्हणत, झाडाचं पान दगड झालंय. आपला काळा खडक लाव्हा थिजून झालेला, त्यात जिवांचे ठसे कुठले, हे सांगून सांगून मी कंटाळलो होतो. बायको म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या भाजताय. खरंच होतं ते.

एका दुपारी शेजारच्या गावची एक म्हातारी सुनेला घेऊन आली. पदरात मुठीएवढा दगड होता. त्यावर गोगलगाईसारखं चक्र, पण पुसट. म्हातारीचा पोरगा पलटणीत होता. त्यानं इजिप्तच्या वाळवंटातून सुट्टीवरच्या सोबत्याबरोबर आईला हा पाठवला होता. आईनं तो शाळिग्राम म्हणून देवघरात ठेवला. पुढं पोरगा बेपत्ता झाल्याची तार आली.

"आला तवा चक्र लय ठसठशीत हुतं, गुर्जी," म्हातारी म्हणाली. "आता इरून चाललंय. भावकी म्हंती, देव सोडून गेला, पोरगंबी गेलं. सुनंचं कुंकू पुसा म्हंत्यात."

सून खाली बघत उभी होती. कपाळावर कुंकू होतं.

मी विचारलं, "देव कशानं घासता?"

"चिंचेनं. पितळंच्या देवांसंगं."

मी आतून चिंचेचा कोळ मागवला आणि दगडाच्या पाठीवर थेंब टाकला. बारीक बुडबुडे उठले. मग शाळेची आम्लाची बाटली काढून तिचाही थेंब टाकला. दगड चांगलाच फसफसला. मी सांगितलं, हा चुनखडीचा आहे. कधीकाळी समुद्रातल्या गोगलगाईचा शंख गाळात रुतून दगड झाला. आंबट लागलं की तो विरघळतो. देवबिव कुठं गेला नाही, चक्र चिंचेनं खाल्लंय.

आयुष्यात पहिल्यांदाच खरा जीवाश्म हातात आला होता. तरी मला आनंद झाला नाही, नुसता शीण आला.

म्हातारीचा चेहरा मात्र उजळला. तिनं दगड कपाळाला लावला. "मंजी चिंचंचंच काम. माझं पोरगं हाय मग. चल गं, सांगू समद्यास्नी." ती तरातरा अंगणात उतरलीसुद्धा.

तिला परत बोलावून समजावण्याचं त्राण माझ्यात नव्हतं.

सून पायरीवरच थांबली. सासू लांब गेलेली बघून हळू आवाजात म्हणाली, "दगडाचं कळलं, गुर्जी. त्यांचं काय झालं आसंल?"

मी बाटलीचं बूच शोधत राहिलो. ती पायरी उतरून सासूच्या मागं गेली.