कोटाखालचं बनियन

सरकारी नियम करणाऱ्यांना थंडी वाजत नसावी, नाहीतर दिल्लीच्या विमानतळावर जानेवारीत बायकांना कोट काढायला लावला नसता. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे मी इथेच वाढले आणि इथल्या मराठी बायकांची थंडीतली युक्ती मला पाठ आहे. साडीवर गुडघ्यापर्यंतचा कोट चढवायचा आणि आत ब्लाउजऐवजी नवऱ्याचं लांब बाह्यांचं गरम बनियन घालायचं. संक्रांतीचं वाणसुद्धा आमच्याकडे कोट घालूनच घेतात. कोट निघतच नाही, तर आतलं कोण बघतंय?

एका जानेवारीत मी आईला घेऊन पुण्याला मावशीकडे निघाले होते. तपासणीच्या रांगेत जवानाने ट्रेकडे बोट दाखवलं. "माताजी, कोट उतारिए."

आईचा चेहरा पडला. "अगं, आत बाबांचं बनियन आहे," ती कुजबुजली.

मी जवानाला म्हटलं, बायकांच्या तपासणीला तो पडदा लावलाय ना, तिथे जाऊन काढतील.

"रूल है मॅडम. कोट पहले मशीन में."

पडदा पलीकडे, आणि मधे पुरुषांची अख्खी रांग. ज्याने ही अक्कल पाजळली त्याच्या घरी बायका नसाव्यात. तेवढ्यात बंदगळा घातलेले एक साहेब आमच्या पुढून छाती काढून गेले. त्यांना कोणी हटकलं नाही. बंदगळ्याला कोट म्हणायची या लोकांची छाती होत नसणार.

आईने कोट काढला. बनियन पिवळट पडलेलं, कोपरावर विरलेलं. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि मान खाली घालून त्या रांगेसमोरून गेली. दूधवाला आला तरी केस सारखे करून दार उघडणारी माझी आई. मला त्या जवानाचा, त्याच्या रूलचा आणि मशीनचा भयंकर संताप आला. विमानात तिने चहासुद्धा घेतला नाही.

पुढच्या थंडीत पुन्हा पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा तिने शिंप्याच्या मागे लागून गरम कापडाचा लांब बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला. बाह्यांना साडीचे काठ लावलेला, कडक इस्त्रीचा. रांगेत शिरतानाच तिने कोटाची बटणं सोडून ठेवली.

ट्रेपाशी या वेळी दुसराच जवान होता. तो जांभई देत म्हणाला, "रहने दो माताजी, पहने रहिए."

"क्यों? पिछली बार तो रूल था."

"अरे, बुजुर्गों का चलता है. जाइए."

म्हणजे वर्षभर आई जे मनात घेऊन बसली होती, ते एका जांभईच्या लायकीचं होतं. मी तिचा दंड धरला. "चल ना आई, सोडतोय तर."

तिने माझा हात झटकला. कोट काढला, ट्रेमध्ये आपटला, पदर एका खांद्यावर नीट चापून बसवला आणि पुरुषांच्या रांगेसमोरून, कोणतीही घाई न करता, पडद्याकडे चालत गेली.