वांगी सासरे, विटकरी सासू

कुरुंद्याच्या पुनमने सासऱ्यांना वांग्याचा रंग दिला आणि सासूला विटेचा. द्यायचा होता तो दोघांना एकच, तपकिरी.

पुनम शाळेत चित्रकला शिकवते. घरी ती जुन्या पद्धतीने फोटो छापते. कागदाला मीठ घातलेली भाताची पेज लावायची, वाळली की अंधारात चांदीचं रसायन, वर निगेटिव्ह ठेवून ऊन दाखवायचं आणि शेवटी चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या द्रावणात बुडवून धुवायचं. नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी सासू-सासऱ्यांचे फोटो शेजारी शेजारी बसतील अशी जोडचौकट सुताराने करून ठेवली होती. रविवारी पाहुणे येणार होते.

"वसमतला रंगीत फोटो उभ्या उभ्या निघतो," सासरे विश्वंभर म्हणाले. "शनिवारपर्यंत जमलं न्हाई, तर मी तोच आणून लावतो. मी काय भरताचं वांगं हाव?"

"तुमी निदान वांगं तरी," पार्वतीबाई म्हणाल्या. "मी तर भट्टीतून आत्ताच निघाले."

पुनमने बोअरऐवजी फिल्टरचं पाणी घेतलं, हायपो नवा केला, ऊनही जास्त दिलं. आता सासरे विटकरी झाले आणि सासू पिवळी. सगळं एकदमच बदलल्याने कशाने काय झालं, ते तिला कळेना.

मग एकदा तिने पेज चाखली. तिने मीठ घालण्याआधीच ती खारट होती.

"आई, यात मीठ घातलं काय?"

"घातलं की. अळणी पेज कोन पितं?"

पार्वतीबाई भात करत त्या दिवशी कागदात मीठ जास्त जाई. पुनमला वाटलं, सापडलं. अळणी पेज काढून, मोजून मीठ घालून तिने नवे कागद केले. सासरे पुन्हा जांभळे आले.

शनिवारी सकाळी तिने कारण शोधणं सोडलं. एकाच मोठ्या कागदावर दोन्ही निगेटिव्ह शेजारी ठेवल्या, एका काचेखाली छापल्या, आणि तो कागद एकाच ट्रेमध्ये धुतला. कागद वाळल्यावर मधोमध कापला. दोन्ही अर्ध्यांचा रंग सारखा होता, कडक चहासारखा. तपकिरी म्हणावा तर तांबूस.

विश्वंभर वसमतला निघण्यासाठी सदरा घालून उभे होते. त्यांनी दोन्ही फोटो उजेडात नेऊन पाहिले.

"कसा आणलास हा रंग?"

"मलाच कळंना, मामा."

"मग आता पुन्हा करू नको. बिघडवशील."

त्यांनी स्वतःच फोटो चौकटीत बसवले आणि हातोडी मागितली.