दसऱ्याला घेतलेली जुनी गाडी

गाडी बांधावर आदळली तेव्हा बोनेटवरचा झेंडूचा हार उडून माझ्या पायाशी पडला. आत नवरा आणि मुलगा होते. मुलाची सीट मागे उलटली होती, पाय वर, ब्रेकपासून लांब. नवऱ्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं. हाका मारल्या, दोघांपैकी कोणी ओ देईना. मी हार लाथेने उडवला आणि धावले.

हे खाडीकाठी, भराव टाकलेल्या मैदानावर झालं. नव्वदच्या दशकात तिथे इमारती नव्हत्या. सुट्टीच्या दिवशी पोरं ड्रम मांडून त्यांच्याभोवती गाड्या पळवत. माझा मुलगा गॅरेजात कामाला होता. त्याला एक गाडी फक्त शर्यतीसाठी बनवायची होती. आमच्या सरकारात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला प्लॉट नुकताच विकला होता, म्हणून नवी गाडीही परवडत होती. नवी की जुनी, यावर घरात महिनाभर भांडण चाललं.

नवरा म्हणायचा, "नवीच घे. तिचं हाड तरी शाबूत असंल."

"बाबा, सीटा काढायच्या, काचा काढायच्या, उलटली तर जीव वाचावा म्हणून आत पायपांचा पिंजरा बसवायचा. नवी गाडी काय फोडायला घेऊ?"

मी मुलाच्या बाजूने बोलले. "नवं लुगडं फाडून कोन गोधडी शिवतो? तुमाला शोरूमच्या दारात फोटो काढायचा हाय, दुसरं काय!"

नवरा चपला घालून बाहेर निघून गेला. मला वाटलं, बरं झालं, जिरवली.

जुन्या गाड्या विकणाऱ्याने दसऱ्याचाच दिवस दिला. आमच्या घरी दसऱ्याला हत्यारं पूजेला मांडतात. मुलाचे नटबोल्टचे पाने, जॅक, हातोडी देवासमोर होती, वर हळदकुंकू. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

"आये, जॅक आनि हातोडी नेतो. खालून ठोकून बघायला पाहिजे."

"पूजेतलं हत्यार उचललंस तर परत या घरात पाय ठेवू नको."

तो रिकाम्या हाताने निघाला, आम्ही दोघंही बरोबर गेलो. तिथे विकणाऱ्याकडे जॅक मागितला, तर तो हसून म्हणाला, "दादा, आमची पन पूजा हाय की."

गाडी धुऊन हार घालून उभी केली होती. मुलाने पायाखालची चटई उचलली. खाली काळा कुळकुळीत, ताजा रंग. आम्ही तिघांनीही पाहिला.

मी लग्नाआधीपासून मिठागरात राबले. खारं वारं लोखंड कसं खातं ते मला शिकवायला नको. फावडं वरून धड दिसतं आणि एक दिवस दांड्यापाशी गळून पडतं. ती गाडी वर्षानुवर्षं खाडीकाठी उभी होती, हे विकणाऱ्यानेच बोलता बोलता सांगितलं. मी वाकून तो पत्रा हाताने दाबला असता तरी कळलं असतं. पण मी नारळ धरून उभी होते, मुहूर्त टळेल म्हणून घाई करत.

तिथून गाडी थेट मैदानावर नेली. हारासकट एक फेरी मारायची, मग दुसऱ्या दिवशी खोलायची, असं ठरलं. नवरा हौसेने बाजूला बसला. दुसऱ्याच वळणावर मुलाच्या सीटचे बोल्ट तळाच्या पत्र्यासकट उपटून आले.

दोन दिवसांनी तो पत्रा घेऊन मी विकणाऱ्याकडे गेले. बोटांनी दाबला की पापडासारखा मोडत होता. वरचा काळा रंग तेवढा चिकटून होता. मी तो त्याच्या टेबलावर आपटला.

तो म्हणाला, "मावशी, बघून घेतली ना तुमी?"

मी त्याला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. गल्लीतली माणसं बाहेर आली. त्याने पंखा वाढवला आणि पेपर वाचत बसला. त्या माणसाचं नाव आजही काढलं की माझं डोकं फिरतं. आणि पूजेतली हातोडी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी मी स्वतः उचलून विहिरीत टाकली.

मुलाचा पाय मोडला होता, नवऱ्याच्या कपाळाला टाके पडले. "नवी घ्यायला हवी होती," असं नवरा एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

गाडीत दोघे होते. दोघेही जगले.