आभाराच्या स्लाइडमधली भिंगरी

म्याक्रो सर मला वर्गात भिंगरी म्हणत, कारण मी एका जागी बसत नसे. पण चिखलीच्या बाजारात बाबांसोबत दिसले, की हेच सर हात जोडून म्हणत, "नमस्कार, प्रणिताबाई." बाबांना वाटे, पोरीला केवढा मान! मी नंतर चिडवलं, तर सर म्हणाले, "वर्गातलं नाव वर्गात. बाजारात नेलं तं मंग तुह्या सासरीबी जाईन."

म्याक्रो हे नाव त्यांना आम्हीच ठेवलेलं. गणिताच्या स्लाइड ते लाटेक्समध्ये, म्हणजे एकेक आज्ञा टाइप करून, बनवत. लांबलचक चिन्ह पुन्हा पुन्हा लिहायचा त्यांना भारी कंटाळा. मग त्याला ते एखाद्या अक्षराचं छोटं नाव देत, तोच म्याक्रो. आणि तोही त्या स्लाइडच्या आतच लिहीत. स्लाइड संपली की नाव संपलं, पुढच्या स्लाइडला ते पुन्हा मोकळं. मी चिन्ह दुसऱ्यांदा टाइप करताना दिसले, की मागून आवाज येई, "काऊन वं पोरी, बोटं काय भाड्यानं आनले?"

मला मात्र टापटिपीची खोड. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधीच्या सेमिनारसाठी मी माझ्या स्लाइडमधली अशी सगळी नावं उचलली आणि फाइलच्या माथ्यावर ओळीनं मांडली. 'डी' एका स्लाइडवर अंतर होतं, दुसरीवर बहुपदीचा घात. माथ्यावरचं नाव सगळ्या स्लाइडना लागू होतं, त्यामुळे 'डी'चा शेवटी लिहिलेला अर्थच सगळीकडे उमटला. भर सेमिनारमध्ये दोन बिंदूंतलं अंतर दाखवायला गेले, तर पडद्यावर घात उभा. समिती हसली आणि सेमिनार पुन्हा द्यायला सांगितला. बाहेर येऊन मी सरांना म्हणाले, "बस झालं सर. मी सोडते."

"घरचं नाव चावडीवर नेलं तुनं, दुसरं काई नाई. याच्यापायी कोनी पीएच.डी. सोडते का?"

मग स्टाफरूममध्ये भुईमुगाच्या शेंगा फोडत त्यांनी माझं एकेक नाव आपापल्या स्लाइडमध्ये परत नेलं. "हे पोरगं याच्या घरी, ते त्याच्या घरी," असं पुटपुटत. कीबोर्डात टरफलं गेली ती आजही निघतात. दुसरा सेमिनार सुरळीत झाला, पुढे पदवीही मिळाली. तोवर सर निवृत्त होऊन डोणगावला शेतावर राहायला गेले होते.

परवा वर्गात शिकवायला त्याच स्लाइड उघडल्या. शेवटच्या, आभाराच्या स्लाइडच्या आत सरांनी लिहिलेली एक ओळ सापडली. 'भिंगरी' टाइप केलं की उमटावं, 'डॉ. प्रणिता'. सरांनी या फाइलला हात लावला तो एकदाच, मी सोडते म्हणाले त्या दिवशी; म्हणजे त्याच दिवशीची ती ओळ. ते नाव पुढे कुठं वापरलं नव्हतं, म्हणून पडद्यावर कधी आलंच नाही. मला रडू आवरेना. तशीच डोणगावला फोन लावला.

"सर, हे काय लिहून ठेवलंत?"

"सापडलं काय? तवा ते त्या स्लाइडपुरतंच खरं व्हतं, भिंगरे," सर म्हणाले. "आता ने फाइलच्या माथ्यावर."