एका बाजूला पाऊण इंच

आमच्या गल्लीत तिला सगळे फूटपट्टी म्हणतात. नाव मीच ठेवलं, हे आधीच कबूल करते. माझं बटणांचं आणि दोऱ्यांचं दुकान तिच्या शिवणाच्या दुकानाला लागून आहे. वीस वर्षांपूर्वी मी इथे आले, तेव्हा मागून हाक मारली की ही बाई अख्खी अंगासकट वळायची. मला वाटलं, काय हा तोरा! मोडेन पण वाकणार नाही, त्यातली. पुढे कळलं की तिच्या पाठीत मानेखालपासून कमरेपर्यंत धातूच्या दोन सळ्या आहेत. तोवर नाव गल्लीभर झालं होतं.

पंधराव्या वर्षी ऑपरेशन झालं. कणा एका बाजूला वळत चालला होता, तो सरळ करून सळ्यांना स्क्रूने जखडून टाकला. आता ती बेचाळीसची आहे. कात्री पडली तर पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसते, पहिलवान वजन उचलायला बसतो तशी. टाचण्या गोळा करायला काठीच्या टोकाला लोहचुंबक बांधलंय. मी एकदा चेष्टेने विचारलं, "हे तुझ्या पाठीला चिकटत नाही का गं?"

"लावून बघितलंय. नाही चिकटत," ती म्हणाली आणि हसली नाही.

दमली तरी तिला सैल बसता येत नाही. त्यामुळे ती दमलेली दिसत नाही आणि कुणी विचारतही नाही. कुणी मायेने पाठीवर हात ठेवला तर हाताला कडक लागतं आणि हात मागे जातो. एकाशी लग्नाचं जुळत आलं होतं. त्याचाही हात असाच पाठीवर आला आणि हळूच उचलला गेला. ती त्याला दोष देत नाही. मी देते.

दुकान मूळचं तिच्या आईचं. मी त्यांना मावशी म्हणायचे. मावशींचं कसब असं की कसलंही अंग असो, त्यांचा कपडा घातला की माणूस सरळ दिसायचं. पोट, कुबड, खांदा, सगळी झाकली मूठ. पोरीचा झगा एका बाजूने वर जायला लागला तेव्हा त्यांनी शिंप्याचं डोकं चालवलं. त्या बाजूला घेर अर्धा इंच लांब ठेवला, खाली गेलेल्या खांद्यात कापसाची गादी घातली. पुढच्या वर्षी अर्ध्याचा पाऊण इंच झाला, मग दीड. पोरगी झग्यात सुतासारखी सरळ दिसायची. डॉक्टरकडे नेली तेव्हा पाठीला पट्टा बांधून भागण्याची वेळ निघून गेली होती.

ऑपरेशन होऊन ती घरी आली ती दोन इंच उंच होऊन. कपाटातला एकेक झगा घालून बघितला, तर प्रत्येक झगा वाकडा लोंबत होता. मावशींनी त्या दिवशी जमिनीवर बसून सगळे झगे उसवले. लोकांचं शिवत राहिल्या, पण पोरीच्या अंगाचं कापड पुन्हा हातात धरलं नाही. मला म्हणायच्या, "माझ्याच शिवणीनं पोरीचं वाटोळं केलं." गेल्या वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून मागच्या दोन खोल्यांत ती एकटी असते.

यंदा शाळा उघडायच्या आधी औषधांच्या दुकानातल्या बाईंची मुलगी गणवेशाचा स्कर्ट घेऊन एकटीच आली. बारा-तेराची असेल. मी बटणांची डबी द्यायला तिथेच गेले होते. मुलगी म्हणाली, "एका बाजूनं वर जातो. तेवढ्या बाजूची दुमड सोडून द्या."

फूटपट्टीने तिला आरशासमोर उभं केलं आणि टेप लावला. पाऊण इंच.

"आईला माहितेय?"

मुलगी पुटपुटली, "आईला नका ना सांगू. बाजू सारखी केलीत की दिसत नाही."

"स्कर्ट ठेवून जा," फूटपट्टी म्हणाली.

मुलगी गेल्यावर मी म्हटलं, "दे की शिवून. लोकांच्या घरात आपण कशाला नाक खुपसा?"

तिने टेप गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "मलाही माहीत होतं. आईच्या आधी. वर्गात हसायच्या, म्हणून मीच आईला म्हटलं, असा झगा शिव की कळणार नाही. दुखतं का म्हणून तिनं विचारलं, तर नाही म्हणाले. दुखत होतं."

"हे मावशींना सांगितलंस कधी?"

"शेवटच्या दिवशी ती काहीतरी बोलत होती. आवाज नव्हता. पलंगाला कठडे होते, माझा कान तिच्या तोंडापर्यंत पोचेना. मग नर्स वाकली आणि मला म्हणाली, त्या विचारतायत, तुझा राग आहे का माझ्यावर. अख्ख्या वॉर्डसमोर मी मोठ्यानं नाही म्हणाले. बाकीचं कानात सांगायचं होतं. ते राहिलं."

मी बटणांची डबी तिच्या मशीनवर ठेवली.

तिने भरदुपारी दुकान बंद केलं आणि स्कर्ट घेऊन निघाली. मी मागोमाग गेले. औषधवाल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शिवणकाम सोडून डॉक्टरकी कधीपासून?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मुलगी तिथेच गल्ल्यामागे अभ्यास करत होती. ती पांढरीफटक पडली.

फूटपट्टीने बाईंना आतल्या खोलीत बोलावलं. खोक्यांच्या थप्पीसमोर पाठमोरी उभी राहिली आणि ब्लाऊजची मागची बटणं काढायला लागली. खालची बटणं मी काढली. वीस वर्षांत तो व्रण मी पहिल्यांदा पाहिला. बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग बाहेर जाऊन त्यांनी शटर ओढलं.

मुलगी दारात उभी होती. फूटपट्टीकडे बघून म्हणाली, "तुम्ही फार वाईट आहात."

डॉक्टरांनी कडक प्लास्टिकचा पट्टा दिलाय. दिवसाचे वीस तास घालायचा. ऑपरेशन कदाचित टळेल म्हणतात. आता ती मुलगी आमच्याच गल्लीतून आईचा हात धरून शाळेला जाते. फूटपट्टीचं दुकान आलं की तोंड फिरवते. पट्ट्यामुळे तिलाही अख्खं वळावं लागतं, पण वळते. बाईही लगबगीने पुढे जातात. नवे कपडे दुसरीकडे शिवायला टाकले, हेही कानावर आलं.

काल मी चिडून म्हटलं, "कर भलं लोकांचं! एवढं केलंस, आणि ओळखसुद्धा देत नाहीत."

ती शिलाईवरून नजर न काढता म्हणाली, "रागावू दे की माझ्यावर. तिच्या आईला तर कधी विचारावं लागणार नाही, राग आहे का म्हणून."