रमाच्या नावाचं फर्मवेअर

रमा गेल्याची बातमी मला आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. 'आपली रमा नाही राहिली. ॐ शांती.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती, आणि त्या रांगेत एकानं, बहुधा घाईत, अंगठा वर केलेला. रमा निपाणीची, बौद्ध घरातली. तो 'ॐ' बघून तिनं कसं तोंड केलं असतं ते मला लख्ख दिसलं. आधी हसू आलं... मग मी बातमी पुन्हा वाचली. बेळगावात अनगोळच्या तिच्या फ्लॅटमध्ये सकाळीच तिचं हृदय बंद पडलं होतं. शेजारणीनं दार ठोठावलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. त्याला आता काही आठवडे उलटलेत. या आठवड्यांत तिच्याविषयी जे बोललं गेलं आणि फ्लेक्सवर छापलं गेलं, ते इतकं भिकार आहे की मला गप्प बसवेना.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरची, शेतकऱ्याच्या घरची. ती निपाणीची, तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. बेळगावच्या हॉस्टेलवर आम्हाला एक खोली मिळाली आणि पहिल्या आठवड्यातच तिनं मला सांगून टाकलं, "तू लई गोड बोलतीस. त्याचा मला तरास होतो." आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, रमा शेवटपर्यंत तसंच बोलली, पुण्यामुंबईच्या माणसांसमोरसुद्धा. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा एक प्राध्यापक तिच्या पाठीवर थाप मारल्यासारखं म्हणाले, "तुमच्यातल्या मानानं चांगले मार्क आहेत हो." रमा शांतपणे म्हणाली, "सर, तुमच्यातल्या मानानं तुम्हीबी बरं शिकवताय." पुढची तीन वर्षं त्या गृहस्थांनी तिला प्रश्न विचारला नाही, आणि तिनं त्यांच्या तासाला नोट्स काढल्या नाहीत. तिची तुच्छता अशी उघड होती, समोरासमोर होती. पाठीमागं बोलायचा तिला कंटाळा होता.

ती काय काम करायची ते आधी सांगते, कारण शोकसभेत एकाही वक्त्याला ते सांगता आलं नाही. इम्युलेटर म्हणजे असा प्रोग्रॅम, जो आपल्या संगणकाच्या पोटात दुसराच एखादा संगणक असल्याचं हुबेहूब सोंग करतो. जुना, नवा, वेगळ्या जातीचा, हवा तो. असा एक इम्युलेटर जगभर फुकट मिळतो. त्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. त्यातलं सोंगाचं यंत्र सुरू केलं की सगळ्यांत आधी जागं होतं ते फर्मवेअर. मेमरी तपासायची, डिस्क शोधायची आणि पुढच्या सिस्टिमच्या हातात सूत्रं द्यायची, एवढंच त्याचं काम. ते इम्युलेटरबरोबर तयार बांधून दिलेलं असतं. पण फर्मवेअर लिहिणारी माणसं वेगळी, त्यात दुरुस्त्या होतच राहतात, भोकं सापडतात, बुजवली जातात. मग जुनं काढून नवं आणायचं, त्याच्या मूळ कोडपासून ते स्वतः तयार करायचं, सोंगाचं एकूणएक यंत्र सुरू करून बघायचं आणि मगच पुढं पाठवायचं. कंटाळवाणं, बिननावाचं काम. ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. रमा नोकरी सांभाळून, एका पैशाविना, वर्षानुवर्षं हे करत राहिली.

एकदा तिच्याच हातून चूक झाली. तिनं पाठवलेल्या नव्या फर्मवेअरनं एका जुनाट जातीचं यंत्र उठेना. ते वापरणारा माणूस दूर कुठल्या तरी देशातला, बहुधा जगात एकटाच. मी तिच्याकडे गेले होते ती माझ्या मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण घेऊन. तिनं पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसली. मी म्हटलं, "एका माणसाचं अडलं तर एवढं काय गं?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला पेढ्याचा डबा मिटावासा वाटला. "एकाचं अडलं म्हंजे माझं काम चुकलं न्हवं? तुला पॉलिटेक्निकात पोरांना मार्क द्यायची सवय हाय, म्हणून तुला चाळीसला पास वाटतंय." मग तिनं इम्युलेटरवर काम करणाऱ्या सगळ्यांच्या देखत, चूक माझी आहे, असं लिहिलं, अपडेट मागं घेतलं आणि दुरुस्त करूनच उठली. साखरपुड्याला ती आली नाही. मला राग आला होता, तो बरेच दिवस राहिला. ती प्रेमळ होती, सगळ्यांना सांभाळून घ्यायची वगैरे जे आता बोललं जातंय, ते झूट आहे. ती सांभाळून घ्यायची ते फक्त यंत्रांना.

नोकरी होती बेळगावातल्याच एका कंपनीत. तिथं शिकाऊ मुलांसाठी संगणकाच्या सरावाचे संच बनतात. आत हाच फुकटचा इम्युलेटर, बाहेर कंपनीचं चकचकीत खोकं, आणि वर 'संपूर्ण स्वदेशी संशोधन' अशी पट्टी. ती पट्टी बघून रमाला ठसका लागायचा. कंपनीचे एम.डी. म्हणजे रोज एका सत्काराला जाणारे आणि एका सत्काराहून येणारे गृहस्थ. त्यांना कुणीतरी सांगितलं की रमाचं काम जगभर जातं. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. पुढचा संवाद तिनं मला कॅम्पातल्या एका बेकरीत, चहात खारी बुडवत, दोघांचेही आवाज काढून ऐकवला.

"रमा, आपण एक तयार फर्मवेअर बाहेरून घेतलंय. ते घाल की त्या इम्युलेटरात. सुरू होताना जगभर आपला लोगो दिसंल."

"ह्याचा कोड कुठाय, सर?"

"कोड ते लोक देत न्हाईत. फाइल दिलीय की."

"मग आत काय हाय ते तुम्हाला तरी ठावं हाय व्हय?"

"अगं, तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास हाय. तू पाठवलंस की डोळं झाकून घेणार. कोण बघतंय?"

"मी बघतोय की!"

एवढं सांगून ती हसली, पण खारीचा तुकडा कपात कधीच विरघळून गेला होता. ज्या फाइलीच्या पोटात काय आहे ते आपल्याला वाचता येत नाही, ती हजारो अनोळखी यंत्रांच्या पोटात घालायची, आणि तीही लोकांचा आपल्यावर विश्वास आहे म्हणून... तिला त्यातली लबाडी तर खुपलीच, पण जास्त खुपलं ते एम.डीं.ना यात काही लबाडी आहे हे कळलंच नाही ते. "चोर असता तर परवडला असता," ती म्हणाली. "चोराला म्हाईत असतंय." दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला. 'स्वभावानं अवघड' हा शिक्का गावभर फिरला. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते, तिला व्याख्यानाला बोलवूया म्हटलं तर आमचे प्राचार्यसुद्धा म्हणाले, "त्या अवघड बाई ना? नको." त्यांना तिच्याविषयी तेवढंच ठाऊक होतं, आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. पुढं तिनं घरूनच मिळेल ते काम केलं. अपडेटचं काम मात्र सोडलं नाही.

शोकसभा त्याच कंपनीनं घेतली. कॅम्पातला एक हॉल, टेबलावर हार घातलेला रमाचा फोटो, फ्लेक्सवरही तिचाच फोटो, आणि त्याच्या दुप्पट आकाराचा एम.डीं.चा, जणू गेले ते तेच. तिचं आडनाव चुकलेलं. फ्लेक्सवर वरची ओळ कन्नड की मराठी यावरून दोन संयोजक दारातच एकमेकांवर चढले होते. आमच्याकडे या वादासाठी मेलेल्या माणसालाही थांबावं लागतं. एका वक्त्यानं तिच्या 'इम्युनायझेशनमधील योगदाना'चा गौरव केला, आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मग एम.डी. उठले. रमा आमच्या कुटुंबातली होती, म्हणाले. डोळे पुसले. आणि मग मागचा पडदा उजळला. कंपनीचा नवा संच सुरू होत होता. काळ्या पडद्यावर लोगो, त्याखाली एक समई, आणि सोनेरी अक्षरांत 'रमा'.

"तिच्या स्मृतीला वाहिलेलं हे आमचं फर्मवेअर. तिचं अपुरं राहिलेलं काम आम्ही पुरं केलं!"

मी उठून विचारलं, "सर, ही बाहेरून घेतलेली तीच फाइल का?"

"तीच हो मॅडम, तीच," ते आनंदानं म्हणाले. त्यांना खरोखरच वाटलं की मी कौतुक करतेय.

माझ्या शेजारी रमाचा धाकटा भाऊ अशोक बसला होता. निपाणीला वकिली करतो, बहिणीच्या अगदी उलट, मऊ बोलणारा. तो उभा राहिला. "साहेब, ह्या फाइलीपायी माझ्या आक्कानं तुमची नोकरी सोडली. तिचं नाव काढा."

"अहो, सन्मान आहे हा!"

"सन्मान असंल तर कोड दाखवा."

एम.डी. सभागृहाकडे बघून दुःखानं हसले. "आजच्या प्रसंगी हे तांत्रिक विषय नकोत..."

"मग आम्ही आमच्या माणसाला घेऊन जातो," अशोक म्हणाला. तो व्यासपीठावर चढला, टेबलावरच्या फोटोचा हार काढून समोर ठेवला, फोटो काखेत मारला आणि चालू लागला. मी त्याच्या मागं. कुणी अडवलं नाही. मागं वळून बघितलं तर फुलं वाहायच्या रांगेतली माणसं त्या रिकाम्या टेबलावर ती वाहतच होती.

अशोकच्या वकिली पत्रानंतर नाव निघालं. समई राहिली, फाइल राहिली, आणि संच धडाक्यात खपताहेत. आमच्या पॉलिटेक्निकनंही घेतले. प्राचार्यांना उद्घाटनाला कापायला फीत मिळाली. इम्युलेटरचं काम बघणाऱ्या दूरदेशीच्या मंडळींना मी रमाची बातमी कळवली, तेव्हा त्यांच्यातल्या एकीचं उत्तर आलं. रमानं पाठवलेलं प्रत्येक अपडेट ते लोक पुन्हा स्वतः तयार करून ताडून बघायचे, कारण तसं बघावं हा आग्रह रमाचाच होता. न ताडता घेतलं तर ती भांडायची. डोळे झाकून कुणीच काही घेत नव्हतं. हे मी एम.डीं.ना कळवलेलं नाही. त्यांना समजावून सांगण्यात माझा वेळ का घालवू?

माझ्या लॅबमधले संच मी पुसून टाकले आणि त्यांच्यात तो खुला इम्युलेटर घातला, रमाच्या शेवटच्या अपडेटसकट. परवानगी घेतली होती का, असं प्राचार्यांनी विचारलं. नाही म्हणून सांगितलं. आता तिथं लोगो नाही, समई नाही, कुणाचंही नाव नाही. बटण दाबून पाठ फिरवणारी माणसं रमाला मुळीच चालायची नाहीत. यंत्र पुरतं उठेपर्यंत ती खुर्चीतून हलायची नाही, दारावरची बेल वाजली तरी. तीच खोड आता मला लागलीय. पडदा काळा होतो, पांढऱ्या चार ओळी येतात, मेमरी मोजली जाते, डिस्क सापडते. मुलं कंटाळून मोबाइल काढतात, कुणी जांभई देतं. मी तिथंच उभी असते. सिस्टिम सुरू होते, आणि मग मी फळ्याकडे वळते.