दुर्बिणीचा पट्टा

उत्तर सीमेवरच्या आमच्या पोस्टवर दुर्बीण एकच होती. पोस्टचं नाव सांगत नाही, ते सांगायचं नसतं. मी तेव्हा हवालदार होतो. माझा बडी, म्हणजे चोवीस तासांचा जोडीदार, नाईक यशवंत. कवठे महांकाळकडच्या माळावर मेंढरं राखत वाढलेला. पोस्टवर बडीशिवाय बाहेर लघवीलासुद्धा जायचं नाही, असा हुकूम असतो. त्यामुळे बायकोला माझं जितकं ठाऊक नव्हतं तितकं त्याला ठाऊक होतं.

आमच्या आधीच्या तुकडीची एक दुर्बीण दरीत गेली होती. ड्युटी बदलताना एकाला वाटलं, दुसऱ्यानं धरली. तेव्हापासून नियम झाला. देणाऱ्यानं विचारायचं, "पट्टा?" घेणाऱ्यानं पट्टा गळ्यात अडकवायचा आणि म्हणायचं, "गळ्यात. सोड." मगच हात सोडायचा. यशवंत ते 'सोड' मेंढरांना हाळी दिल्यागत लांबवायचा. "सोऽऽड उस्ताद!"

दुर्बीण समोरच्या चौक्या बघायला दिलेली. हा गडी बघायचा पाखरं. पोस्टभोवती पिवळ्या चोचीचे काळे कावळे घिरट्या घालत, त्यांना तो पोळीचे तुकडे टाकायचा. म्हणायचा, "उस्ताद, आमच्या माळावर ह्येच्यापरीस लय भारी पाखरं हायती. रिटायर झालो की दावतो." पाखरांचा नाद मला त्याच्यामुळेच लागला.

त्या सकाळी खालच्या पोस्टकडे गस्त निघाली. यशवंत सगळ्यात मागे. जाताना दुर्बीण त्यानं माझ्याकडे दिली.

"पट्टा?"

"गळ्यात. सोड."

गस्त बर्फाचा उतार ओलांडेपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची, हे माझं काम. ऊन वर आलं आणि दुर्बीण आतून धुरकटली. ओल आतल्या काचांवर धरली होती, बाहेरून कितीही पुसा. रेडिओ वाजला, गस्तीचा कमांडर होता.

"आखिरी आदमी दिख रहा है? ओव्हर."

"नहीं दिख रहा. शीशे में धुंध. ओव्हर."

मग उतारावरून आवाज आला. साखर कारखान्यात एकदम ऊस रिता करतात, तसा. उडालेला बर्फ खाली बसला तेव्हा गस्त पलीकडे उभी होती आणि शेवटचा माणूस नव्हता. आम्ही दिवसचे दिवस खणलं. तो सापडला नाही. कावळे मात्र तिथंच बसत, रोज, आम्ही खणणं थांबवल्यावरही.

त्याची टोपी आणि बेल्ट मी घरी नेऊन दिले. यशवंतच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणतं. त्यांनी टोपी उलटीसुलटी करून बघितली. म्हणाले, "ही टोपी हाय. पोरगं कुटं हाय?" मी बेल्टही पुढं ठेवला.

पुढं सुभेदार होऊन निवृत्त झालो. साताऱ्यात घर केलं, पाखरं बघत हिंडतो. यंदा श्रावणात आबांचा फोन आला. गावानं शहिदांचा दगड उभारायचं ठरवलं होतं. पाथरवट येऊन बसला होता आणि आबांनी त्याचा हात धरला होता.

"सुभेदार, नाव घालू देत न्हाई मी. दिवस मावळताना टेकावर कोनतरी हुबं ऱ्हातंय. माज्या डोळ्यांत मोतीबिंदू, नीट दिसत न्हाई. तुमी दुर्बीन घिऊन या. तुमी न्हाई म्हनला, तर नाव घालतो."

म्हणजे बापाचा पोरगा जिवंत की मेलेला, ते मी सांगायचं. चांगली कामगिरी दिली म्हाताऱ्यानं!

गेलो. आबांच्या वाघरीजवळ, मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ बसलो. मेंढरं आत गप. कुत्री टेकाकडे तोंड करून बसलेली आणि एकही भुंकत नव्हतं. हेच मला आवडलं नाही. मेंढरांमागचं कुत्रं परक्यावर भुंकल्याशिवाय राहत नाही.

"त्ये बगा, आला," आबा हळूच म्हणाले.

टेकाच्या माथ्यावर काहीतरी ताठ उभं होतं. मी माझी जुनी, स्वस्तातली दुर्बीण लावली. काळी टोपी. फिक्कट मान. छाती पुढे काढलेली. हालचाल नाही. तेवढ्यात बुरबुर पावसाची सर आली आणि दुर्बीण आतून धुरकटली. खाली घेतली तर माथा मोकळा.

"दिसला?"

"आबा, काच धुरकटली."

रेडिओवर दिलेलं उत्तरच मी त्यांना दिलं. साताऱ्याला परतताना एसटीत माझा मलाच राग येत होता. आता घ्यायची तर मरेपर्यंत टिकणारी घ्यायची, ठरवलं.

कराडच्या एका कॅमेरेवाल्यानं दोन भारीतल्या दुर्बिणी मागवून दिल्या. लोक आधी विचारतात, किती पट मोठं दिसतं? त्यानंही आधी बारा पटीचीच पुढे केली होती. म्हटलं, बाबा रे, जितकं मोठं दिसतं तितकं हलतंही. माझ्या वयाच्या हातांना आठ पट बास. पुढची भिंगं बेचाळीस मिलिमीटरची, म्हणजे मावळतीला उजेड पुरतो. अंगावर जाड रबर हवं. चष्मा न काढता पूर्ण दिसायला हवं. आणि आत कोरडा नायट्रोजन भरून पक्की सील केलेली हवी, म्हणजे आत ओल धरत नाही.

"सील पक्कं आहे साहेब, कागदावर लिहिलंय."

"कागद नको. शेजारी आइस्क्रीमवाला आहे ना?"

त्याच्या फ्रीजरमध्ये दोन्ही ठेवल्या. तोवर चहा घेतला. बाहेर काढून उन्हात धरल्या, पुसल्या. एकीच्या आत बारीक धुकं उतरलं. दुसरी लख्ख. मग ती बादलीत बुडवली.

"आवं साहेब, पीस अजून माझा हाय!" दुकानदार जवळजवळ रडायलाच आला.

"आता माझा," म्हटलं आणि पट्टा गळ्यात घातला.

पुन्हा माळावर गेलो. पुन्हा तीच वेळ, तीच गप्प कुत्री. टेकावर तो उभा राहिला. बुरबुर होतीच. मी नवी दुर्बीण लावली आणि काच लख्ख राहिली.

काळी टोपी म्हणजे काळा तुरा होता. फिक्कट, लांब मान. छातीवर काळा पट्टा. तपकिरी पाठ. माळढोकाचा नर. या माळावरून कधीच नाहीसा झाला म्हणतात ते पाखरू. त्याच्यासाठी पक्षी बघणारे जन्म घालवतात. मला ते दिसलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते आनंदाचं नव्हतं. यशवंत दाखवणार होता ते हेच असणार.

दुर्बीण आबांकडे सरकवली. सवयीनं विचारलं, "पट्टा?"

आबांनी पट्टा डोक्यातून घातला. "गळ्यात. सोऽऽड."

तोच हेल. मी हात सोडलाच नाही.

"आबा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"येसवंतानं. रजेवर आला की लष्करातली पान्याची बाटली द्यायचा. तवा असंच बोलाय लावायचा. सोडा की आता."

मी चाक फिरवून त्यांच्या डोळ्याला जुळवून दिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. बघता बघता टेकावरून खोल आवाज आला. हूंऽऽ.

"माळढोक हाय," आबा म्हणाले. दुर्बीण काढली, डोळे पटक्याच्या शेवानं पुसले. "पाथरवटाला सांगा. नाव घाल म्हनावं."

दगड उभा राहिला. त्यावर नाईक यशवंतचं नाव आहे. आबा येता-जाता त्यावरून हात फिरवतात.

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. माळढोक उडून गेला होता, वनखात्याच्या माणसांनी सगळा माळ धुंडाळून तसं सांगितलं होतं.

"तरी आज बी हुबा हाय," आबा म्हणाले. "या. पर दुर्बिनीतनं बगायचं न्हाई."

गेलो. दिवस मावळला. कुत्री टेकाकडे तोंड करून गप्प बसली. माथ्यावर कुणीतरी ताठ उभं होतं, अंधार पडेपर्यंत. आम्ही दोघं त्याच्या सोबतीला बसून राहिलो. कराडहून पारखून आणलेली दुर्बीण माझ्या गळ्यात होती. मी ती डोळ्यांना लावली नाही.